दीक्षांत संचलन बघून झालं असेल, तर जरा ठाण्याकडेही बघू

हैदराबादच्या संचलनाचे व्हिडिओ दरवर्षी मोबाईलवर फिरतात. कडक इस्त्रीचा खाकी गणवेश, परेड कमांडरच्या हातात तलवार, बँडच्या तालावर एका रेषेत पडणारी पावलं, मागे देशभक्तीचं गाणं. खाली दोन-तीन हजार कमेंट : "सॅल्यूट साहेब", "अंगावर काटा आला", "आपल्या मातीतला वाघ". जिल्ह्यातलं कोणी आयपीएस झालं की चौकात फ्लेक्स लागतो, उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, शाळेत सत्कार होतो. होऊ दे. त्या पोरापोरींनी कष्ट केलेले असतात, कौतुक झालंच पाहिजे.

पण मला एक सांगा. तुमच्यापैकी किती जणांचं आयुष्यात कधी आयपीएस अधिकाऱ्याशी काम पडलं? आणि किती जणांचं ठाण्यातल्या टेबलामागे बसलेल्या हवालदाराशी पडलं?

मोबाईल चोरीला गेला, भावकीत बांधावरून काठ्या चालल्या, मुलगी वेळेवर घरी आली नाही, जावई मारतो, रात्री नाकाबंदीत गाडी अडवली. यातल्या प्रत्येक वेळी तुमच्यासमोर जो उभा असतो तो शिपाई, हवालदार, फार तर फौजदार. तुमच्यासाठी पोलीस खातं म्हणजे तो एक माणूस. त्याला काय शिकवलं, किती शिकवलं, कोणी शिकवलं, हे आपण कधी विचारत नाही. त्याच्या पासिंग आउट परेडचा व्हिडिओ त्याच्या आईच्या स्टेटसपलीकडे जात नाही.

मी तालुक्याच्या कोर्टात गेली बावीस वर्षं फौजदारी वकिली करतो. पोलिसांच्या विरोधातली ही पोस्ट नाही, हे आधीच सांगतो, कारण पहिली कमेंट तीच येणार आहे. पूर्ण वाचा, मग शिव्या द्या.

आधी हैदराबादला काय चालतं ते बघू. १५ सप्टेंबर १९४८ ला माउंट अबूला सेंट्रल पोलीस ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. १९६७ मध्ये त्याची राष्ट्रीय पोलीस अकादमी झाली, १९७४ मध्ये तिला सरदार पटेलांचं नाव दिलं गेलं, आणि १९७५ मध्ये ती हैदराबादला आली. शिवरामपल्लीचा तो परिसर पावणेतीनशे एकरांच्या घरात आहे. यूपीएससी पास झालेले उमेदवार फाउंडेशन कोर्स करून इथे येतात. वर्षाला दीडशे ते दोनशे घेतात. नेपाळ, भूतान, मालदीवचे अधिकारीही त्यांच्याबरोबर शिकतात.

पहाटे उजाडायच्या आत दिवस सुरू. पीटी, कवायत, घोडेस्वारी, पोहणं, नेमबाजी, निःशस्त्र लढत, दोरावरून कडा चढणं-उतरणं, पाठीवर ओझं घेऊन लांबचा रूट मार्च. मग वर्गात कायदा, तपास, न्यायवैद्यक, सायबर, मानवी हक्क, वर्तनशास्त्र, आणि ज्या राज्यात जायचं तिथली भाषा. महाराष्ट्र केडर मिळालेला बिहारचा किंवा केरळचा पोरगा तिथे मराठी गिरवतो. नकली गुन्ह्याचं ठिकाण उभं करून पुरावा कसा उचलायचा ते दाखवतात. नकली कोर्ट भरवून साक्ष द्यायला लावतात, उलटतपासात घाम फोडतात. त्यानंतर काही महिने जिल्ह्यात प्रत्यक्ष काम, त्यात काही काळ एका ठाण्याचा पूर्ण ताबा. मग पुन्हा हैदराबाद, आणि जिल्ह्यात जे बघितलं त्यावर चर्चा. सगळं धरून सुमारे दोन वर्षं.

यातलं काही वायफळ आहे असं मला वाटत नाही. घोडेस्वारीवर लोक विनोद करतात, करू देत. तरुण अधिकाऱ्याच्या अंगातली भीती घालवायला घोडा वाईट नाही. या पद्धतीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. आधी शिका, मग ठाण्यात जाऊन करून बघा, मग परत येऊन चुका समजून घ्या. शिकवण्याची याहून चांगली रीत नाही. डॉक्टर असेच तयार होतात. आमच्यातही पोरगा सिनिअरच्या हाताखाली चार वर्षं घासला की मग कुठे वकील होतो.

माझा मुद्दा एवढाच आहे : ही रीत चांगली आहे हे सरकारला माहीत आहे. ती वर्षाला दीड-दोनशे लोकांना मिळते. ज्यांना तिची जास्त गरज आहे, त्या शिपायांना मिळत नाही.

आता शिपायाची वाट बघा. पहाटे साडेपाचला कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर जा. पोरंपोरी पळताना दिसतील. १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. मुलींना ८०० मीटर. मैदानी ५० गुण, लेखी १०० गुण. २०२४ च्या भरतीत जागा साडेसतरा हजारांच्या आत आणि अर्ज सतरा लाखांच्या वर. कित्येकांच्या घरची जमीन एक-दोन एकर, कित्येकांच्या हातात पदवी. भरती अकॅडमीच्या फीसाठी कोणाची शेळी विकलेली, कोणाच्या आईने बचत गटातून कर्ज काढलेलं. शंभरात एकजण लागतो. तो पोरगा ढ नसतो. शिकवलं तर शिकेल असाच असतो.

मग त्याला मरोळ, खंडाळा, नानवीज, तुरची, जालना, अकोला अशा कुठल्यातरी प्रशिक्षण केंद्रात पाठवतात. साधारण सहा ते नऊ महिने. त्यात बॅरेक, फॉलिन, उस्ताद, कवायत, लाठी, रायफल, मेसची रांग. चुकलं की पूर्ण तुकडीला शिक्षा. आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात कायदा.

माझ्याकडे जमिनीच्या वादाच्या कामाला येणारा एक पोरगा असाच भरती होऊन आला. हुशार. बीएस्सी झालेला. मी त्याला विचारलं, कायदा किती शिकवला रे? तो हसला. म्हणाला, "वकीलसाहेब, पहाटे साडेचारला उठवायचे. दुपारी जेवण झालं की कायद्याचा तास. शंभर-शंभर पोरं एका हॉलमध्ये. आम्ही झोप भरून काढायचो. परीक्षेच्या आधी गाइड वाचलं, झालो पास." खोटं कशाला बोलेल तो? वेगवेगळ्या केंद्रांतून आलेल्या आणखी चार-पाच जणांना मी हेच विचारलं. तपशील इकडेतिकडे, पण सूर तोच.

काही जण म्हणतील, "शिपायाला कायदा कशाला लागतो? साहेब सांगेल ते करायचं."

ही समजूत शंभर-दीडशे वर्षं जुनी आहे. १८६१ चा पोलीस कायदा इंग्रजांनी केला, १८५७ च्या उठावानंतर चार वर्षांनी. त्यांना आज्ञा पाळणारी फौज हवी होती. डोकं वापरणारा शिपाई त्यांना परवडला नसता. त्यांचं बरोबर होतं, त्यांच्या सोयीचं होतं. आज काय परिस्थिती आहे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५ उघडा. वॉरंटशिवाय अटक कोण करू शकतो? "कोणताही पोलीस अधिकारी." या शब्दांत शिपाईही येतो. रात्री अकरा वाजता नाक्यावर तुमच्या कॉलरला हात घालायचा की नाही, हा निर्णय सहा-नऊ महिने शिकलेला पोरगा घेतो. साहेब त्या वेळी तिथे नसतो. अटक करताना छातीवर नाव दिसलं पाहिजे, अटकेचा मेमो तिथेच करायला हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकाला कळवायला हवं, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात सांगितलं आणि आता ते कायद्यातच आलं आहे. ते प्रत्यक्षात पाळणारा किंवा मोडणारा हात कोणाचा असतो? शिपाई-हवालदाराचाच.

देशाच्या पोलीस दलात शेकडा ८५ च्या आसपास माणसं याच फळीतली आहेत. म्हणजे अधिकाऱ्याला आपण विचार करायला शिकवतो, शिपायाला विचार न करायला शिकवतो, आणि मग रोज विचार करावा लागेल अशी सगळी कामं शिपायाच्या अंगावर टाकतो.

याची किंमत कोण मोजतं ते माझ्या रोजच्या कामातलं सांगतो.

काही वर्षांपूर्वी विहिरीवरची मोटार चोरीला गेल्याची एक केस होती. मी आरोपीतर्फे होतो. पोलिसांनी मोटार जप्त केलेली, फिर्यादी शेतकऱ्याने ओळखलेली, सगळं उघड. पण फिर्यादीत मोटार पाच एचपीची आणि जप्ती पंचनाम्यात तीनची. मोटारीचा नंबर कुठेच लिहिलेला नाही. सील केल्याचा उल्लेख नाही. दोन्ही पंच तेच, जे त्या ठाण्याच्या आणखी डझनभर पंचनाम्यांत होते. उलटतपासात मी तपासी हवालदाराला विचारलं, पंचनामा लिहिण्याचं प्रशिक्षण कुठे घेतलं? तो सरळ माणूस होता, म्हणाला, "सीनिअर लिहायचे ते बघून बघून शिकलो." आरोपी सुटला. मी माझं काम केलं, कोर्टाने कोर्टाचं. बाहेर आल्यावर पायरीवर तो शेतकरी मला म्हणाला, "वकीलसाहेब, मोटार माझीच होती हो." तोवर ती मोटार चार वर्षं मुद्देमालाच्या खोलीत गंजून भंगार झाली होती.

त्या हवालदाराला मी दोष देत नाही. "बघून बघून शिकलो" हेच आपल्या खात्याचं खरं विद्यापीठ आहे. आणि बघून शिकताना माणूस पंचनाम्याबरोबर बाकीचंही शिकतो. कोणाला खुर्ची द्यायची, कोणाला उभं ठेवायचं. कोणाची फिर्याद लगेच घ्यायची, कोणाची एनसी करून पिटाळायची. कोणाला "तुम्ही" म्हणायचं आणि कोणाला "तू". केंद्रात मानवी हक्कांचा तास झालेला असतो, पण ठाण्यातल्या पहिल्या आठवड्यात तो पुसला जातो, कारण तिथे शिकवणारे दुसरेच असतात.

एकोणीस वर्षांची एक मुलगी माझ्या ऑफिसात आली होती. अनोळखी नंबरवरून घाणेरडे मेसेज, फोटो बदलून पाठवायची धमकी. ठाण्यात गेली तर अंमलदार म्हणाला, "नंबर ब्लॉक कर ना. आणि फोटो कशाला टाकते फेसबुकवर?" बाप शेजारी उभा होता, त्याने मान खाली घातली. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. ते त्या अंमलदाराला कोणी शिकवलं होतं का? शिकवलं असेल तर त्याने ते पाळलं की नाही, हे कोणी तपासलं का? मी अर्ज दिला, वरिष्ठांकडे गेलो, तेव्हा गुन्हा दाखल झाला. जिच्याकडे वकील नाही तिने काय करायचं?

ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर आठवा. शाळेतल्या दोन चिमुरड्या मुलींचे पालक तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळत बसले. पोक्सो कायद्याचं कलम २४ सांगतं की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, आणि त्या वेळी गणवेश घालू नये. कायदा इतका बारीक विचार करतो. ठाण्याच्या टेबलापर्यंत तो पोचत नाही. मग लोक रेल्वेच्या रुळांवर उतरतात, आणि आपण "संताप, संताप" म्हणून पोस्ट टाकतो. निलंबन होतं, बदली होते. त्या टेबलावर पुढच्या महिन्यात जो बसेल त्याला नीट शिकवलं का, हा प्रश्न तसाच राहतो.

त्यात १ जुलै २०२४ पासून कायदेच बदलले. कलमांचे नंबर बदलले एवढंच नाही, कामाची पद्धत बदलली. झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करायचं, कलम १०५. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, कलम १७६. म्हणजे तज्ज्ञ येईपर्यंत ती जागा जशीच्या तशी राखायची, आणि ती राखणारा शिपाईच. हद्दीचं कारण सांगून फिर्याद नाकारता येणार नाही. मोबाईलमधला पुरावा कोर्टात आणायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, त्यात हॅश व्हॅल्यू. एवढा सगळा बदल पन्नाशीतल्या हवालदाराच्या डोक्यात कसा शिरणार? आमच्या भागातल्या एकाला मी विचारलं. तो म्हणाला, "एक दिवस सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, पीपीटी दाखवली, पुस्तिका दिली." नवीन फोन घेतला तर दुकानातला पोरगा यापेक्षा जास्त वेळ देतो.

हे फक्त आमच्या तालुक्याचं रडगाणं आहे असं समजू नका. कॉमन कॉज आणि लोकनीती यांनी २०१९ मध्ये देशातल्या पोलिसांवर अहवाल काढला. त्या आधीच्या पाच वर्षांत सेवेत असताना प्रशिक्षण मिळालेले पोलीस सरासरी सहा-साडेसहा टक्के होते. त्यातही वरच्या अधिकाऱ्यांना जास्त, शिपायांना कमी. इंडिया जस्टिस रिपोर्ट वाचा. देशभरात पोलिसांच्या बजेटमधला प्रशिक्षणाचा वाटा जेमतेम एक-सव्वा टक्का. शंभर रुपयांतला एक रुपया. उरलेल्यातून पगार होतात, गाड्या येतात, कॅमेरे येतात. गाडी दिसते, तिचं उद्घाटन करता येतं, पालकमंत्र्यांना झेंडा दाखवता येतो. शिकलेला शिपाई असा दाखवता येत नाही ना.

आणि हे कोणी सांगितलंच नव्हतं असंही नाही. १९७१ मध्ये केंद्र सरकारने पोलीस प्रशिक्षणावर समिती नेमली. अध्यक्ष कोण? प्रा. माधव सदाशिव गोरे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. पोलिसांच्या प्रशिक्षणाचा विचार करायला सरकारने समाजशास्त्रज्ञ बसवला होता, हेच किती शहाणपणाचं. समितीच्या अहवालाचा रोख स्पष्ट होता : कवायतीवर आणि अंगमेहनतीवर भर फार आहे, समाज समजून घेणं, वृत्ती घडवणं, माणसाशी वागणं याकडे दुर्लक्ष आहे. पुढे १९७७ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही सांगितलं की शिपायाला स्वतःचा विवेक वापरता येईल असं प्रशिक्षण द्या, आणि त्याला साहेबांच्या घरकामाला लावणं बंद करा. पन्नास वर्षं होत आली. हैदराबादचा अभ्यासक्रम त्यानंतर कितीदा तरी सुधारला. शिपायाच्या केंद्रात आजही शंभरजण एका हॉलमध्ये झोपतात.

आता ठरलेले आक्षेप.

"वरचा अधिकारी चांगला असेल तर खालचे आपोआप सुधारतात." अधिकाऱ्याने फरक पडतो, मी स्वतः पाहिलं आहे. एक चांगला एसपी आला की सहा महिन्यांत ठाण्यांचा नूर बदलतो. पण तो किती दिवस टिकतो? सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात सांगितलं की महत्त्वाच्या पदावरच्या अधिकाऱ्याला किमान दोन वर्षं हलवू नका. बदल्यांच्या याद्या तुम्हीच पेपरात वाचता. साहेब गेला की नूर गेला. ठाण्यातला हवालदार मात्र त्याच जिल्ह्यात तीस वर्षं असतो. शिकवायचंच असेल तर जो टिकणार आहे त्याला शिकवा.

"कवायत कमी केली तर शिस्त जाईल, दंगलीत काय करणार?" कवायत बंद करा असं कोण म्हणतंय? दंगलीच्या वेळी तुकडी एकसंध राहायला ती लागतेच. पण आपल्या ठाण्यात दंगल वर्षातून किती वेळा होते? आणि फिर्याद घेणं दिवसातून किती वेळा? ज्याचं काम जास्त त्याचा सराव जास्त, इतकं साधं गणित आहे.

"पोलिसांना सुट्टी नाही, घरं नाहीत, बारा-बारा तास ड्यूटी, आणि तुम्हाला प्रशिक्षणाचं पडलंय." अगदी खरं आहे. गणपतीत, नवरात्रीत, निवडणुकीत त्यांचे हाल आम्ही बघतो. कोविडमध्ये कित्येक गेले. त्या मागण्यांना माझा पूर्ण पाठिंबा. पण हीच माणसं नीट न शिकवल्यामुळे गोत्यात येतात, हेही बघा. पंचनामा चुकला की कोर्टात खडे बोल कोणाला? कोठडीत काही झालं की आधी निलंबित कोण? व्हिडिओ व्हायरल झाला की नोकरी कोणाची जाते? न शिकवता माणसाला पाण्यात ढकलायचं आणि बुडाला की त्यालाच दोष द्यायचा. प्रशिक्षण हा शिपायाचा हक्क आहे, म्हणूनच मी भांडतोय.

"पैसा कुठून आणायचा?" शंभरातला एक रुपया तीन करा. बस.

नुसती टीका करून मोकळं व्हायचं नाही म्हणून, माझ्या मते करायच्या चार गोष्टी :

१. शिपायाच्या प्रशिक्षणाची रचना हैदराबादसारखी करा. केंद्रात काही महिने, मग ठरवून दिलेल्या ठाण्यात काही महिने, मग परत केंद्रात. ठाण्यातल्या त्या काळात त्याला बंदोबस्ताला उभं करायचं नाही. शिकवण्यासाठी निवडलेला एक हवालदार त्याच्या सोबत राहील आणि तो काय शिकला याची नोंद ठेवेल.

२. फिर्याद लिहिणं, पंचनामा करणं, जबाब घेणं, अटकेचा मेमो भरणं, याची परीक्षा करून दाखवण्याची घ्या, गाइड वाचून पास होण्याची नको. नकली फिर्यादी समोर बसवा. रडणारी बाई, घाबरलेला म्हातारा, दारू प्यालेला माणूस. त्याच्याशी कसा बोलतो यावर गुण द्या. आम्ही वकील फुकट येऊ उलटतपास घ्यायला, शब्द देतो.

३. प्रशिक्षण केंद्रातली बदली ही शिक्षा समजली जाते, हे खात्यातला कोणीही खासगीत सांगेल. तिथे उत्तम तपास करणारे अधिकारी पाठवा, वर भत्ता द्या, पुढच्या नेमणुकीत त्याचा फायदा द्या. नाराज मास्तराच्या हाताखाली शाळा चालत नाही, हे आपल्या झेडपीच्या अनुभवावरून वेगळं सांगायला नको.

४. नोकरीतल्या प्रत्येक पोलिसाला वर्षातून किमान एक आठवडा सलग प्रशिक्षण. त्या आठवड्यात त्याला ड्यूटीवर बोलवायचं नाही, मग मंत्री येवो की मिरवणूक निघो.

यातलं एकही काम अशक्य नाही. आपण दीड-दोनशे जणांसाठी हे सगळं करतोच आहोत. कसं करायचं ते माहीत आहे, शिकवणारे आहेत, अभ्यासक्रम आहेत. फक्त शिपाई त्या लायकीचा आहे असं आपल्याला वाटत नाही. आणि शिपाई लायकीचा वाटत नाही याचा दुसरा अर्थ असा की त्याच्यासमोर उभे राहणारे आपण, ते मोटारवाले शेतकरी, ती मेसेजवाली मुलगी, आपणही त्या लायकीचे नाही. आमदाराच्या घरी चोरी झाली तर तिथे कोण जातो आणि तुमच्या घरी झाली तर कोण येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आता तुम्ही काय करू शकता ते सांगतो. सणांच्या आधी ठाण्यात शांतता कमिटीची बैठक होते. चहा-बिस्किट होतं, डीजेवर चर्चा होते, फोटो निघतो. पुढच्या बैठकीला जाल तेव्हा एकच प्रश्न विचारा : या ठाण्यातल्या किती जणांना नव्या कायद्यांचं प्रशिक्षण मिळालं, आणि ते किती दिवसांचं होतं? नम्रपणे विचारा, पण उत्तर मिळेपर्यंत विचारा. तोंडी मिळालं नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज टाका. दीडशे शब्दांत बसतो. अर्जाचा मसुदा कोणाला हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी लिहून देतो, फी नाही. पंचवीस-तीस ठाण्यांतून असे अर्ज गेले, तर वरच्या ऑफिसला निदान बेरीज तरी करावी लागेल.

आणि ज्यांच्या घरात कोणी पोलीस आहे त्यांनी त्याला किंवा तिला ही पोस्ट दाखवा. नाव उघड न करता मला इनबॉक्समध्ये लिहा : केंद्रात किती महिने काढले, त्यातले किती तास कायदा होता, आणि पहिला पंचनामा तुम्हाला कोणी शिकवला. यातलं मी काही चुकीचं लिहिलं असेल तर तेही सांगा. जे येईल ते एकत्र करून मी आपल्या आमदारांना देणार आहे, आणि त्यांनी काय उत्तर दिलं ते इथेच लिहीन.